फिटिंगचे पैसे वेगळे

प्रोसेसर चिमटीत धरून बाबा टेबलावर वाकले, तशी दाराशी हाताची घडी घालून उभी असलेली त्यांची लेक श्वास घ्यायचीही थांबली.

तसं पाहिलं तर काम काहीच नव्हतं. काड्यापेटीएवढा चौकोनी तुकडा. त्याची खाच मदरबोर्डच्या खाचेशी जुळवायची आणि अलगद ठेवून द्यायचा. पण त्या जागेत हजारभर पिना उभ्या असतात, केसाहून बारीक. त्या वाकल्या की बोर्ड गेलाच कामातून. दुकानदाराने हे दहादा बजावलं होतं. फिटिंगचे पैसे वेगळे पडतील, पण इथेच बसवून, चालू करून देतो, मग जबाबदारी आमची, असंही म्हणाला होता बिचारा. ती हो म्हणणार तेवढ्यात बाबांनी त्याला उडवून लावलं. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस मी, नखाएवढी घड्याळं उघडली या हातांनी, आणि हा मला शिकवतो! मग खिशातलं आपलं भिंग काढून त्यांनी बोर्डाच्या पिना तपासल्या, ठीक आहेत म्हणाले आणि बोर्ड पिशवीत घातला.

त्या हातांना दोन वर्षांपासून थरथर होती. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या बाबांना, कारण त्यांना कळू द्यायचं नाही असा आईचा दंडकच होता. चहाचा कप ती अर्धाच भरायची. त्यांच्या हातून बशी फुटली की आधी आईच पुढे व्हायची, माझाच मेला धक्का लागला म्हणून. आजही लेकीने विषय काढताच आईने तिला स्वयंपाकघरात ओढून नेलं होतं.

"दुकान गेलं त्यांचं. आता हातही गेले म्हणून तू सांगणार आहेस का? करू दे एवढं."

"आई, सोमवारी नकाशा पाठवायचाय मला."

"पाठवशील गं. होतंय सगळं नीट."

लेक घरांचे नकाशे काढायची. एका मोठ्या ऑफिसने तिला कामाचा नमुना मागितला होता. सोमवारपर्यंत त्यांच्या नव्या प्रोग्रॅमवर नकाशा करून पाठवायचा, पसंत पडला तर पक्की नोकरी. घरातला कॉम्प्युटर तो प्रोग्रॅम उघडायलाच तयार नव्हता. म्हणून तिने होतं नव्हतं ते सगळं गोळा करून वापरलेला का होईना, पण चांगला बोर्ड आणि प्रोसेसर घेतला. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा जुना बोर्ड दुकानदाराला बदल्यात दिला.

बाबांचा अंगठा हलला. तुकडा बोटभर उंचीवरून तिरका, कोपऱ्यावर पडला. आवाज म्हणावा असा झालाच नाही.

"बसला," बाबा म्हणाले. नखाने तो सरळ केला आणि वरची कडी लावून टाकली.

बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला, स्क्रीन काळा तो काळाच. वायरी काढून झाल्या, परत लावून झाल्या, रॅम पुसून झाली. तासाभराने बाबांनी निकाल दिला, माल खराब दिलाय चोराने. आणि तिला बरोबर घेऊन तरातरा दुकानात गेले.

दुकानदाराने आरडाओरडा शांतपणे ऐकून घेतला. बोर्ड दिव्याखाली धरला, भिंगातून पाहिलं आणि भिंग तिच्या हाती दिलं. एका कोपऱ्यातल्या सात-आठ पिना साफ लोळल्या होत्या. सकाळी त्या सरळ होत्या, तुम्हीच पाहून घेतल्या होत्यात, असं तो बाबांना म्हणाला. मग, आवाज जरा खाली आणून, "काका, हातातून पडला का हो?"

काउंटरवरची दोन-तीन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

बाबा क्षणभरही अडखळले नाहीत. "हिचा धक्का लागला. ऐन वेळी माझ्या कोपराला. नाहीतर माझ्या हातून असं व्हायचं नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगली चार हात लांब उभी होती ती. पण बाबांच्या चेहऱ्यावर खोटेपणाचं नाव नव्हतं. त्यांना ते तसंच आठवत होतं. तिला बाबांचा राग आला, आईचा त्याहून जास्त आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण आता तोंड उघडून काय बोलणार हे तिला आधीच कळलं होतं.

"हो," ती म्हणाली. "लागला."

मग माझ्या हातात काही नाही ताई, असं दुकानदार म्हणाला. जुना बोर्ड तरी परत द्या म्हणावं, तर तो दुपारीच विकला गेला होता. वर त्याने तिला समजावलंही. मोठी माणसं नाजूक काम करत असताना जरा लांब उभं राहावं.

परतताना पिशवी तिच्याकडे होती. ऑफिसला काय कळवायचं, याची वाक्यं ती मनात जुळवत होती आणि एकही धड जुळत नव्हतं. बाबा शेजारून चालत होते. कोपऱ्यावर आल्यावर ते थांबले, तिच्या उतरलेल्या तोंडाकडे पाहून त्यांना भरून आलं.

"आईला यातलं काही सांगू नकोस हं," ते म्हणाले. "मालच खराब निघाला म्हणू आपण. तुझं नाव मी येऊ देणार नाही."