मैदानाचा खटला

वकील हा आधी नागरिक असतो आणि मग वकील, असं मी माझ्या सत्काराच्या भाषणात म्हणालो आणि टाळ्या पडल्या. कोर्टात मी हा क्रम उलटा ठेवतो. नंतर निवेदिकेने कारकिर्दीला वळण देणारा खटला विचारला. मला शाळेच्या मैदानाचा आठवला, म्हणून मी दुसराच सांगितला.

पंधरा वर्षं खटला चालवून ते मैदान मी गेल्या महिन्यात बिल्डरला मिळवून दिलं. त्या खटल्यामुळेच शहरातले बाकीचे बिल्डर माझ्याकडे आले.

चहाच्या टेबलापाशी त्या शाळेच्या मुख्याध्यापिका हिर्लेकर बाई थांबल्या होत्या.

"भाषण छान झालं हो," त्या म्हणाल्या. "आम्हाला अपील करायचंय. सोमवारी मुदत संपते. एखादा चांगला वकील सुचवा."

"बाई, मला विचारताय?"

"मग कोणाला विचारू? आमचे वकील वारले. मी पाच जणांकडे जाऊन आले. प्रत्येक जण म्हणतो, बिल्डरचं वकीलपत्र आधीच माझ्याकडे आहे, तुमचं घेता येणार नाही. तुम्ही निदान आत्ताच स्वतःला नागरिक म्हणालात."

शहरातले सगळे चांगले वकील आधीच बांधून ठेवा, म्हणजे शाळेला कोणी मिळणार नाही, हा सल्ला बिल्डरला मीच दिला होता. नावंही मीच लिहून दिली होती.

बाई पर्समधून पेन काढून थांबल्या. मी अगदी मनापासून सहावं नाव आठवू लागलो.

पण यादी करताना मी एकालाही वगळलं नव्हतं.