पाखऱ्याची सोबत

पहिल्या वळणावर दीक्षा सगळ्या पोरींच्या पुढे होती. तेवढ्यात सूर्यभानने आजूबाजूच्या अनोळखी माणसांना ती आपली लेक असल्याचं सांगूनही टाकलं होतं. एकाला तर दोनदा.

"पयली येते पाहा," तो अन्सारला म्हणाला. अन्सार त्याचा गाववाला. त्याच्याच फटफटीवर बसून दोघं बार्शीटाकळीकडून अकोल्याला शाळांची ही शर्यत पाहायला आले होते. शर्यत मैदानातली नव्हती. शहराबाहेर वावरांमधून, नाला ओलांडून, धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे बांधांवरून पळायचं होतं. पहिली येईल तिला अमरावतीच्या क्रीडा वसतिगृहात जागा. राहणं, खाणं, शिकणं, सगळं तिथेच. बाकीच्यांना बिस्किटाचा पुडा.

"इतकं पळनं शिकली कुठं हे पोट्टी?" अन्सारने विचारलं. त्याला उत्तर तोंडपाठ होतं, पण दोस्ताची हौस त्याला मोडवत नव्हती.

सूर्यभान खुलला. त्याचा नंद्या बैल विकला गेल्यापासून उरलेला पाखऱ्या एकटा वावरात जायला तयार नव्हता. जोडीने चालायची सवय असलेला बैल, त्याला शेजारी कुणी तरी लागतं. हे आधी लक्षात आलं ते त्याच्या बायकोच्या, कौशल्येच्या. रोज सकाळी सूर्यभान निघाला की ती दीक्षालाही पाखऱ्याच्या बाजूने वावरात धाडू लागली. तिथून शाळेची घंटा गाठायची तर पोरीला पळावंच लागे. शाळा सुटली की पुन्हा पळत वावरात.

"मास्तरानं नाई, बैलानं शिकवलं तिले," सूर्यभान म्हणाला. गावात त्याने हे इतक्यांदा सांगितलं होतं की लोक त्याला पाहून रस्ता बदलत.

अन्सार एकदम उठून उभा राहिला. "अरे, हे काय करून राहिली?"

दूरच्या धुऱ्यावर दीक्षा मंदावली होती. ती मागे वळून पाहत होती, आणि मागची पोरगी जवळ येत होती तरी तिचे पाय काही उचलत नव्हते.

"दम लागला तिले," अन्सार म्हणाला.

"दम नाई. बाजूले कोनी नाई ना तिच्या. पाखऱ्यासंग चालू चालू तिलेबी जोडीची सवय लागली."

बैलाची एवढी पारख असलेला माणूस आता बसून राहणार थोडाच. चपला हातात घेऊन, पायजमा वर खोचून तो कपाशीच्या तासातून आडवा सुटला. शर्यतीची वाट आखलेल्या फक्कीच्या रेघेपाशी उभ्या असलेल्या सरांनी शिट्टी फुंकली, हात हलवले, नंतर नाद सोडला. सूर्यभान रेघेच्या बाहेरून लेकीच्या बरोबरीने पळू लागला.

"चाल बेटा, मी आहो बाजूले."

दीक्षाला दम लागलेलाच नव्हता. घरात बोलावं तशी ती बोलली. "मी पयली आली तं मले अमरावतीले ठेवतीन, बाबा."

"मंग? त्याच्यासाठीच तं आलो आपन."

"मंग तुमच्यासंग वावरात कोन येईन?"

"पाखऱ्याचं मी पाहून घेईन."

"पाखऱ्या एकटाबी जाते," दीक्षा म्हणाली. "आईनं सांगतलं होतं, बाबाले वावरात एकटं सोडू नोको."

सूर्यभानचे पाय पळत राहिले. त्या वर्षांत जवळपासच्या प्रत्येक गावात वावरात गेलेला कुणी ना कुणी जिवंत परतला नव्हता. घरोघरी बायका नवऱ्यांवर नजर ठेवून होत्या. पारावर बसून तोही त्या मरणांच्या गोष्टी करी, दुसऱ्यांच्या घरच्या. नंद्या गेल्यावर आपण कित्येक दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होतो, हे तो कुणाला बोलला नव्हता. घरात बोलायची गरजही नव्हती. त्याला फार लाज वाटली, आणि लेकीची फार माया आली.

मागच्या पोरीच्या पावलांचा आवाज आता ऐकू येऊ लागला होता.

"दर आयतवारी तुले भेटाले अमरावतीले येईन," तो धापा टाकत म्हणाला. "एकबी आयतवार चुकनार नाई. पळ."

दीक्षाने पळता पळता त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं, खरं बोलतोय की नाही ते. मग सुटली.