बंडी भरता भरता

सकाळीच लालसिंगनं अंगणात बंडी उभी केली अन् घरातला कापूस भराले लागला. आपलाबी अन् धाकल्या भावाचा, संजयचाबी. भाव रोज उतरून राह्यला होता. आज महागावच्या बाजारात नेला नाही तं उद्या कुत्रंबी विचारनार नाही, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

तेवढ्यात संजय कुऱ्हाड घेऊन आडवा आला.

"माह्या ढिगाले हात लावू नको, भिया! टीव्हीवर सांगतलं, चीनवाले खरेदी करून राह्यले. भाव चढते."

"चीनवाला काय तुहा साळा लागते बे?"

संजयनं कुऱ्हाड हाणली, ते लालसिंगच्या कानाजवळून जाऊन बंडीच्या चाकात रुतली. लालसिंगचं डोकं फिरलं. त्यानं बंडीच्या बाजूचा लाकडी दांडा, उभारी, उपसली अन् सख्ख्या भावाच्या टाळक्यात घातली. संजय उताना पडला. रक्ताची धार लागली. लालसिंगनं उभारी फेकून देल्ली. भावाचं डोकं मांडीवर घेऊन तो लहान पोरावानी रडाले लागला.

"मारलं रे मी! माह्या हातानं मारलं!"

लालसिंगची बायको जमनी घरात पयत गेली, हाताले लागला तो कापूस उचलून आनला अन् जखमेवर दाबून धरला.

संजयनं एक डोळा उघडला.

"वयनी, कोन्या ढिगातला आनला?"

जमनीनं कापूस आनखीनच दाबला.

"माहा अशीन तं काढ. भियाचा लाव. त्याले नाहीतरी आज फुकटातच द्याचा हाय."