स्वयंपाकघराचं कुलूप

"हे कुलूप कुणी लावलं इथे?"

सासूबाईंचा आवाज एवढा चढला की पलीकडे पत्रा कापणाऱ्याने यंत्र बंद केलं. कारखान्याच्या मधोमध त्यांचं घर उभं होतं. म्हातारपणासाठी खास सांगून करून घेतलेलं. आधी इथे जोडून दाखवायचं, मग सुटं करून ट्रकने मुलाच्या परसात न्यायचं. आत्ता आत्तापर्यंत सासूबाई खूश होत्या. कुठे उंबरा नाही. दारं चाकाची खुर्ची जाईल एवढी रुंद. न्हाणीघरात धरायला दांडे. ओटा बसून काम करता येईल असा बुटका. आणि नेमकं त्या ओट्याच्या खोलीला बाहेरून कुलूप!

"किल्ली कुणाकडे राहणार?"

"माझ्याकडे, आई," सून म्हणाली.

झालं! तळपायाची आग मस्तकात गेली. मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात त्यांची उभी हयात गेली होती. पोरींच्या पंगतीच्या पंगती एकहाती उठवल्या होत्या. आणि आता स्वतःच्या स्वयंपाकघरात शिरायला सुनेची परवानगी?

"माझी सोय लावताय की विल्हेवाट? घोटभर चहा हवा झाला तर तुझ्या दारात वाडगा घेऊन उभी राहू? तोंडावर आई, आई, आणि पाठीमागे हे धंदे! नवऱ्याच्या तोंडाला कुलूप लावलंसच, आता माझ्या चुलीला लाव. बरं झालं आज मी स्वतः आले, नाहीतर यात कोंबून मोकळे झाला असतात मला!"

सून खाली मान घालून उभी राहिली. त्या गप्प राहण्याने सासूबाई आणखीच भडकल्या.

"मुकी झालीस का? बोल ना!"

सासूबाईंनी घर जोडणाऱ्या मिस्त्रीपुढे हात केला. "पेचकस द्या इकडे. मीच काढते."

मिस्त्रीने पेचकस पाठीमागे धरला. "ते काढता येणार नाही, मावशी."

"का? घर माझं आहे की हिचं?"

"तुमचंच. म्हणूनच." मिस्त्रीने एकदा सुनेकडे पाहिलं. तिने मानेनेच नको म्हटलं, पण त्याला राहवलं नाही. "मावशी, हे कुलूप तुम्हीच सांगितलंत. मागच्या खेपेला. गॅस चालू ठेवून विसरलात, पडदा पेटला, म्हणून. इथेच उभ्या राहून मला बजावलंत, मी कितीही भांडले तरी काढायचं नाही."

"मी? अहो, मी आज पहिल्यांदा पाऊल ठेवतेय इथे!"

सासूबाईंनी वळून सुनेकडे पाहिलं. तिने बाही खाली ओढली, पण तेवढ्यात मनगटापासून वर गेलेला भाजल्याचा गुलाबी, तुकतुकीत डाग त्यांना दिसला.

त्या डागावरून त्यांची नजर हलेना.

"मग एवढं ऐकून का घेतलंस गं? सांगितलं का नाहीस?"

"तुम्हीच शपथ घातलीत, आई." सून म्हणाली. "म्हणालात, मला आठवण करून देऊ नकोस. रागावलेली म्हातारी सांभाळ, घाबरलेली तुला बघवणार नाही."