एकशे आठ वस्तूंची पेटी

शेषेराव साहेबांनी लोखंडी पट्टीवर नख घासलं आणि नखाला लागलेला गंज पंचाक्षरी गुरुजींपुढं धरला.

"सुट्टी दोन महिन्यांची, गुरुजी. पट्टी वीस वर्षांची दिसते."

"गंज आधीचाच हाय, साहेब."

"म्हणजे कचेरीनं गंजका माल पाठवला म्हणता?"

गुरुजी गडबडले. त्यांना तसं म्हणायचं नव्हतं. महादेवाच्या देवळात कीर्तनाला उभे राहिले की हा माणूस दोन तास थांबत नसे, पण साहेबासमोर त्यांची जीभ जड व्हायची. ते नुसते हात जोडून उभे राहिले.

दोघं बोरवाडीच्या आडावर उभे होते. आडावर पोरांनी केलेलं यंत्र होतं. लोखंडी पट्ट्यांचा उभा सांगाडा, वर कप्प्या, बाजूला एक मोठं आणि एक लहान दातेरी चाक, चाकाला दांडा. साहेबांनी आल्या आल्या दोन बोटांनी दांडा फिरवून पाहिला होता. भरली घागर तळातून सरसर वर आली, तेव्हा ते क्षणभर सगळं विसरून हसलेही होते. मग त्यांनी खिशातून वस्तूंची यादी काढली होती.

लातूर जिल्हा नवा होता, शिक्षण खात्याची कचेरी नवी होती आणि साहेबांची हौसही नवी होती. दुष्काळात सुट्टी पडली की पोरं पाण्यामागं नाही तर खडीच्या कामावर जाणार आणि शिकलेलं विसरणार. म्हणून त्यांनी निवडक शाळांना यंत्र जोडायच्या वस्तूंची एकेक पेटी पाठवली. स्वतः प्रत्येक गावी जायचं ठरवलं होतं, पण त्यांना टँकरच्या कामावर घेतलं आणि सुट्टी तशीच सरली. बोरवाडीची पेटी औशाहून एसटीच्या टपावर आली, तेव्हा ती उतरवायला चौघं लागले.

सोबत पाच कलमांचा कागद होता. गुरुजींनी तो पोरांना तीनदा वाचून दाखवला आणि पोथीत ठेवला. पेटीत एकशे आठ वस्तू आहेत हे वाचून त्यांना भरून आलं. जपमाळेत मणी तितकेच.

देवळाची झाडलोट करणाऱ्या गंगम्मानं पेटीला खणाचं कापड गुंडाळलं. झाकणावर यंत्राचं छापील चित्र होतं, तेवढं उघडं ठेवलं. रोज सकाळी पेटी पाटावर यायची. तिला विभूतीची बोटं लागायची. तेवीस पोरं भोवती बसायची आणि गुरुजी कीर्तनाच्या थाटात सुरू व्हायचे. पूर्वरंगात, लहान चाकानं मोठं चाक फिरवलं तर जोर का कमी लागतो. उत्तररंगात, चला, हातानं करून बघू. मग दुपार टळेपर्यंत ठोकाठोकी.

सातवीतली रत्नम्मा सगळ्यांत पुढं असे. चित्रातल्या चाकाचे दात तिनं इतक्यांदा मोजले होते, की झोपेत विचारले तरी सांगितले असते. गावातली बारीकसारीक लोखंडं त्या उन्हाळ्यात जागेवर राहिली नाहीत. पोरं भाता थंड होऊ देत नाहीत म्हणून मारोती लोहार कुरकुरायचा आणि स्वतःच कोळसा टाकायचा. कुणी रागावलं नाही. पोरं देवळात होती, शिकत होती, आणि शिकताना त्यांच्या तोंडावर जे तेज यायचं ते पाहून म्हातारी माणसंही सभामंडपात येऊन बसायची.

साहेब आता यादीवरून खुणा करत होते. त्यांची मान हलत होती.

"लांब पट्ट्या बारा हव्यात, इथं नऊ. कप्प्या वेगळ्याच दिसतात. पाचवं कलम काय होतं, गुरुजी? एकही वस्तू हरवता कामा नये. हरवली, तर पेटी दुसऱ्या गावाला."

"हरवलं काईच न्हाई, साहेब."

"मग मोजून दाखवा. यंत्र सोडा. वस्तू पेटीत भरा. उद्या जीप येईल."

पाण्याला आलेल्या बायांनी घागरी खाली ठेवल्या. पाणी तळाला गेलं होतं. यंत्र सोडलं की उद्यापासून पुन्हा साठ हात दोर.

गंगम्मा पुढं आली. तिनं रत्नम्माचा हात धरून साहेबांपुढं उलटा केला. तळहातावर दोराचे जुने व्रण होते, वाळलेले.

"दोन म्हैन्यामागं हितं कातडं नव्हतं, बाबा. तुला सोडायचंच आसंल तर सोड. पण हे बघून सोड."

साहेबांनी बघितलं. त्यांना बरं वाटलं नाही. पण ते सरकारी माणूस होते आणि यादी सरकारी होती.

"पेटी आणा," ते हळू आवाजात म्हणाले.

रत्नम्मा आणि तीन पोरी देवळाकडं पळाल्या. परत येताना मात्र त्या पावलापावलाला थांबत होत्या, चौघींच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. रिकाम्या पेटीला चौघी कशाला, असं साहेबांच्या ओठावर आलं होतं.

पेटी साहेबांपुढं जमिनीवर टेकली. रत्नम्मानं परकराला हात पुसून खणाची गाठ सोडली. कापड गळून पडलं. खाली सुतळी होती, सुतळीच्या गाठीवर लाख, आणि लाखेवर साहेबांच्याच कचेरीचा शिक्का, कुठंही तडा नसलेला.

"पैलं कलम हाय, साहेब. तुमीच येऊन फोडायची," रत्नम्मा म्हणाली. "फोडा आता. आत काय काय आसंल, उन्हाळाभर वाट बघून राहिलो आमी."