गल्लीतले रसिक

डीजेवर नाचणाऱ्या आपल्या भीमपूरच्या गल्लीला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, असं कुलदीपचं ठाम मत होतं. "गाढवाला गुळाची चव काय!" म्हणत त्यानं हैदराबादेहून आणलेला मोठा स्पीकर सकाळीच ओट्यावर मांडला अन् गेल्या शतकातलं विलायती गिटार-व्हायोलिनचं रेकॉर्डिंग लावलं. संथ, गंभीर, बिनशब्दांचं.

थोड्या वेळानं शेजारची बायामाणसं येऊन अंगणात मुकाट बसली. एकीनं तर डोळ्याला पदर लावला. चला, गाढवं सुधारली एकदाची, असं मनाशी म्हणत कुलदीपनं आवाज आणखी वाढवला.

तेवढ्यात म्हाताऱ्या सोनाबाईनं त्याच्या बायकोपुढं भाकरीचं फडकं अन् पिठल्याचा गंज हळूच ठेवला.



"आज घरी चूल पेटवू नोको, माय. कोन गेलं वं?"