तेलाचा काटा

इंजिन तापलं तसा काटा पुन्हा खाली बसला.

"बंद कर!" शबनूर ओरडली. स्टिअरिंगवर बसलेल्या वर्षाराणीनं चावी फिरवली आणि ती जुनी काळी मोटार एकदा खोकून गप झाली.

"काटा कुठं हाय?" आण्णांनी विचारलं. मडगार्डवर तळहात ठेवून ते ताठ उभे होते.

"तळाला टेकलाय, आण्णा. इंजिन तापलं की तेलाला प्रेशरच राहत न्हाय."

"जुनं इंजिन हाय, पोरी. दमलं असंल. उगा खोलाखोली करत बसू नको."

"ते माझ्यावर सोडा की," शबनूर हसून म्हणाली आणि तिनं बाह्या वर सारल्या.

आण्णांच्या मोटारीला तिच्या वडलांशिवाय, इमाम मिस्त्रींशिवाय, कुणाचा हात लागला नव्हता. ते गेल्यावर शिवाजी पेठेतलं गॅरेज शबनूरच चालवत होती. जुनी गाडी रुसली की जयसिंगपूरपासून लोक तिलाच बोलवायचे. नुसत्या आवाजावरनं दुखणं सांगते, असा तिचा लौकिक होता आणि तो तिलाही ठाऊक होता.

आता वर्षाराणीचं लग्न तोंडावर आलं होतं. या घरातली प्रत्येक लेक लग्नानंतर नवऱ्याबरोबर जोतिबाच्या दर्शनाला याच मोटारीतून गेली होती आणि स्टिअरिंगवर दर वेळी आण्णाच होते. आजोबांच्या लाडक्या नातीनं बाकी काहीच मागितलं नव्हतं. एवढंच मागितलं होतं.

"ही घाटात बंद पडली तर पावण्यांत शोभा हुईल," शेडच्या दारातनं वर्षाराणीचे वडील पृथ्वीराज म्हणाले. "मी नवी पांढरी गाडी बघून ठेवलीय. सांगू का?"

"न्हाय पप्पा! मी आण्णांच्याच मोटारीतनं जाणार!"

आण्णा मडगार्डवरनं हात फिरवत राहिले.

शबनूरनं आधी मीटरवर संशय घेतला. जुने मीटर कधीकधी खोटं बोलतात. तिनं स्वतःचा मीटर इंजिनाला जोडून बघितला. तोही तेच सांगत होता. मग तिनं तेल मोजायची पट्टी बाहेर काढली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. एरवी जुन्या इंजिनात तेल कमी होत जातं. इथं ते खुणेच्या वर चढलं होतं. बोटांवर घेऊन चोळलं, तर पाण्यासारखं पातळ.

पंपातनं पेट्रोल झिरपून तेलात उतरत असणार, तिनं मनाशी म्हटलं. खात्री करायला बोटं नाकाशी नेली आणि ती थबकली. पुन्हा हुंगलं.

पेट्रोल नव्हतं. डिझेल होतं.

पेट्रोलच्या मोटारीत डिझेल आपल्या पायानं चालत येत नाही. पण लग्नघरात आल्याआल्या तोंड उघडायचं कसं? तिनं मुकाट्यानं सगळं तेल काढलं, फिल्टर बदलला, नवं तेल भरलं. इंजिन चांगलं तापेपर्यंत चालू ठेवलं. काटा वर गेला आणि वरच राहिला. वर्षाराणीनं तिच्या ग्रीस लागलेल्या गळ्यालाच मिठी मारली.

"झालं?" आण्णांनी विचारलं.

"झालं. आता घाट काय, पुण्याला बी जावा."

वर्षाराणीच्या आजी, आक्का, चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी आण्णांच्या हातात कप दिला आणि नवऱ्याची बोटं कपाच्या कानाभोवती नीट आवळून मगच आपला हात काढला. एवढ्या वर्षांच्या संसारातली ती माया बघून शबनूरला बरं वाटलं.

पण लग्न आणखी जवळ आलं आणि वर्षाराणीचा रडवेला फोन आला. काटा पुन्हा खाली. पुन्हा तोच वास.

या खेपेला शबनूर गप बसली नाही.

"आण्णा, तुमच्या इंजिनात कुणीतरी डिझेल ओततंय."

आण्णांचा आवाज एरवी गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. तो आता शेडच्या बाहेरसुद्धा गेला नाही.

"कोण ओतंल गं?"

शबनूरची नजर अंगणात गेली. ट्रॅक्टरला टेकून पृथ्वीराज फोनवर कुणाला तरी पांढऱ्या गाडीचं विचारत होते. पायाशी डिझेलचा कॅन. एवढं उघड असताना आणखी काय शोधायचं?

"कोण ते मी दाखवतो तुम्हाला," ती म्हणाली. "फक्त घरात आत्ताच बोलू नका."

तिनं पुन्हा तेल बदललं आणि जाताना पृथ्वीराजांना ऐकू जाईल असं मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, "गाडी एकदम ठणठणीत हाय!"

हळदीच्या दिवशी सगळं घर मंगल कार्यालयात गेलं. ओतणारा आज डाव साधणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. तिनं स्कूटर गल्लीतच लावली आणि भर दुपारी परसातनं शेडच्या मागं येऊन उभी राहिली. थोड्या वेळानं बॉनेट करकरलं. आता सुटका न्हाय पृथ्वीराजदादा, असं मनाशी म्हणत तिनं मोबाईलचा कॅमेरा सुरू केला आणि पुढं होऊन दार ढकललं.

हळदीचं नवं लुगडं नेसलेल्या आक्का दोन्ही हातांनी कॅन धरून इंजिनावर वाकल्या होत्या.

"आक्का? तुम्ही?"

आक्का दचकल्या नाहीत. धार संपली तसा त्यांनी कॅन खाली ठेवला.

"अवो, नातीची हौस हाय ती! आण्णांना कळलं तर काय वाटंल त्यांना?"

"हळू बोल गं," आक्कांनी पदराला हात पुसले. "त्यांनीच सांगितलंय. आधी आपल्या हातानं ओतायचे. आता त्यांना तेलाचं झाकण बी दिसत न्हाय, घाट कुठनं दिसायचा?"